लहान ट्रॅक्टरला भार उचलण्याचे जोडअवजार : निवड व वापर

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत रब्बी कांद्याची काढणी जोरात असते. भीमा, भामा व इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांत पिकलेला हा कांदा काही लगोलग चाकणच्या बाजारात जातो व काही चाळीत साठविला जातो. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे चाकण येथील महात्मा फुले बाजार आवार कांदा-बटाट्याच्या व्यवहारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तथापि शेतातील ढिगापासून या आवारापर्यंत पोचेतो कांद्याची प्रत्येक गोणी कोणाच्या तरी पाठीवरून जाते, ही गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही.

तो हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एकरी दहा टन उत्पन्न धरले तर पन्नास किलोग्रॅमच्या २०० गोण्या होतात. शेतातून चाळीत, चाळीतून बाहेर आणि तेथून गाडीत, अशी प्रत्येक गोणी किमान तीन वेळा उचलावी लागते. म्हणजे एका एकरामागे ६०० वेळा उचल होते व एकूण ३० टन ओझे माणसांच्या पाठीवरून जाते. पूर्वी हे काम गावातील तरुण गडी करीत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या बाजूस आणि पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले. गावातील तरुण हात पाळीच्या कामावर गेले. ऐन सुगीत मजूर मिळेनासे झाले आणि गोणी उचलण्याचे काम घरातील वडीलधारी माणसे व स्त्रिया यांच्यावर येऊन पडले. कंबर धरणे, पाठीची शीर आखडणे, गुडघे झिजणे ही दुखणी मग घरोघर दिसतात.

या परिस्थितीत पंधरा ते वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरी विचारतो की, ज्या यंत्राने नांगर व रोटाव्हेटर उचलला जातो त्याच यंत्राने गोण्या, क्रेट, खताची पोती का उचलू नयेत? त्या उचलता येतात. मात्र अवजार निवडताना एक गोष्ट नीट ध्यानात न घेतल्यास पाठीचे दुखणे वाचविता वाचविता जिवावर बेतण्याचा संभव असतो. ती गोष्ट अशी की, ट्रॅक्टर किती भार उचलतो हे पाहून भागत नाही. भार उचलल्यावर त्याची पुढची चाके जमिनीवर किती घट्ट टेकलेली राहतात, हे पाहावयास हवे.

तीन टोकांची जोडणी

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस खाली दोन हात व वर मध्यभागी एक दांडा असतो. या वरच्या दांड्यास शेतकरी टॉप लिंक म्हणतात. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी या तत्त्वावरील नांगर-नियंत्रणाचे पेटंट १९२६ साली घेतले, आणि १९३९ साली बाजारात आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरामुळे ही पद्धत जगभर पसरली. त्यापूर्वी नांगर साखळीने किंवा दांड्याने ट्रॅक्टरमागे ओढला जाई. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे व तो चालकासह मागे उलटे. फर्ग्युसन यांच्या जोडणीत नांगर अडला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो व पुढची चाके जमिनीवर दाबली जातात.

येथेच एक फरक समजून घ्यावयास हवा. नांगर चालू असताना त्याला जमिनीचा आधार असतो. गोण्यांचा भार मात्र जमिनीपासून सुटून अधांतरी लोंबकळतो. नांगरणीत जो वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, तोच दांडा लोंबता भार उचलताना ट्रॅक्टरला वरच्या बाजूने मागे खेचतो. म्हणून जी जोडणी नांगरणीत सुरक्षित ठरली ती भार वाहताना आपोआप सुरक्षित ठरते असे नाही.

बैलगाडी हाकलेल्या शेतकऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. गाडीत ओझे आखाच्या मागे भरले गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. तेच ओझे वीतभर पुढे सरकविले की गाडी ताळ्यावर येते. ट्रॅक्टरचा मागील आस हा गाडीच्या आखासारखा आणि पुढची चाके ही बैलांच्या मानेसारखी होत.

पत्रकातील आकडा व प्रत्यक्ष भार

पंधरा ते वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टराच्या माहितीपत्रकात उचलण्याची क्षमता सामान्यतः साडेसातशे किलोग्रॅमच्या आसपास दिलेली असते. हा आकडा खोटा नसतो, परंतु तो हायड्रॉलिकच्या ताकदीचा आकडा असतो. शिवाय तो बहुधा खालच्या दोन हातांच्या टोकाशी मोजलेला असतो. परीक्षणात दुसरे एक मापही घेतले जाते. ते या टोकांच्या ६१० मिलिमीटर मागे भार ठेवून काढतात व ते पहिल्यापेक्षा कमी भरते. गोण्यांचा भार प्रत्यक्षात या दुसऱ्या मापाच्या जवळपास येत असल्यामुळे शेतकऱ्याने नेहमी तेच विचारावे. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांचे परीक्षण होते. आपल्या ट्रॅक्टरचा परीक्षण अहवाल विक्रेत्याकडे मागून घ्यावा.

तरीही हे दुसरे माप म्हणजे सुरक्षित भार नव्हे. सुरक्षित भार काढण्यासाठी ट्रॅक्टरचे वजन, पुढच्या चाकांवरील वजन, दोन आसांमधील अंतर आणि भाराच्या मध्यापासून मागील आसापर्यंतचे अंतर, अशी चार मापे लागतात. चाकण-भोसरी भागात मालमोटारींचे वजनकाटे जागोजाग आहेत. तेथे चालक बसवून प्रथम संपूर्ण ट्रॅक्टर तोलावा. नंतर केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन व मागची चाके त्याच पातळीवर बाहेर ठेवून पुन्हा तोलावे. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोग्रॅमचा फरक पडू शकतो, म्हणून पुढच्या चाकांचे वजन थोडे कमीच धरावे. उरलेली दोन अंतरे साध्या फितीने मोजता येतात.

एक उदाहरण

समजा, चालकासह ट्रॅक्टरचे वजन ८०० किलोग्रॅम भरले. त्यांपैकी पुढच्या चाकांवर ३२० किलोग्रॅम आहे. दोन आसांमधील अंतर १.४ मीटर आहे. मागे दोन दातांचे फोर्क लावून त्यावर गोण्या ठेवल्या असता भाराचा मध्य मागील आसापासून १.२ मीटरवर येतो.

आता एकूण ३०० किलोग्रॅम उचलले तर पुढच्या चाकांवरून किती वजन कमी होईल? ३०० ला १.२ ने गुणून १.४ ने भागावे. उत्तर सुमारे २५७ येते. म्हणजे पुढच्या चाकांवर केवळ ६३ किलोग्रॅम उरतात. सपाट जागी ट्रॅक्टर उभा राहील, पण स्टिअरिंग हलके पडेल, आणि एखाद्या पाटाच्या काठावर चाक आदळताच तोंड वर उठेल. हायड्रॉलिक साडेसातशे किलोग्रॅमचे असूनही तीनशेवरच ट्रॅक्टर धोक्यात येतो तो असा.

सर्वसाधारण नियम असा की, भार उचललेला असताना ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा. ८०० चा पाचवा हिस्सा १६०. म्हणजे ३२० मधून १६० किलोग्रॅमच कमी होऊ देता येतील. १६० ला १.४ ने गुणून १.२ ने भागले असता सुमारे १८६ किलोग्रॅम येतात. यात अवजाराचे वजनही धरावयाचे असते. फोर्क ६० किलोग्रॅमचे व लाकडी पॅलेट २० किलोग्रॅमचे धरल्यास उरतात १०६ किलोग्रॅम, म्हणजे कांद्याच्या दोन गोण्या.

हे उत्तर निराशाजनक वाटेल, पण त्यावर उपाय आहे. ट्रॅक्टरच्या नाकाशी, पुढच्या आसाच्या ०.६ मीटर पुढे, कारखान्याने नेमून दिलेल्या जागी ८० किलोग्रॅमची लोखंडी वजने लावली तर पुढच्या चाकांवर ८० ऐवजी सुमारे ११४ किलोग्रॅमची भर पडते. कारण ती वजने आसाच्याही पुढे असतात. आता एकूण ३२० किलोग्रॅम उचलता येतात. अवजार व पॅलेट वजा जाता २४० उरतात, म्हणजे चार गोण्या निर्धास्तपणे नेता येतात. फोर्क अशा बेताने बनवून घेतले की भाराचा मध्य १.२ ऐवजी एक मीटरवर येईल, तर तोच ट्रॅक्टर पाच गोण्या नेऊन वर थोडी ताकद राखून ठेवतो. हायड्रॉलिकमध्ये काडीचाही बदल न करता दोनाच्या पाच गोण्या झाल्या, त्या केवळ तोल सांभाळल्यामुळे.

दुसरी बाजूही पाहावी. या उदाहरणात एकूण वजन १२०० किलोग्रॅम होऊन त्यांपैकी १०४० मागच्या चाकांवर येते. एकेका टायरवर ५२० किलोग्रॅमचा भार झाला. टायर तेवढा भार किती हवेवर सोसू शकतो हे विक्रेत्याकडून विचारून घ्यावे व हवा त्याप्रमाणे ठेवावी. पुढे वजने लावण्याचीही कारखान्याने ठरविलेली मर्यादा असते. ती ओलांडू नये.

कोणते अवजार निवडावे

बाजारात व स्थानिक कार्यशाळांत मुख्यतः चार प्रकारची अवजारे मिळतात.

१. मागील मंच. लोखंडी चौकटीवर फळ्या ठोकून केलेला हा मंच सर्वांत साधा व हलका असतो. त्यावर क्रेट, खताची पोती, फवारणीची टाकी, रोपांचे ट्रे नेता येतात. भार ट्रॅक्टरच्या अगदी निकट राहतो. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यास बहुधा एवढा मंच पुरेसा होतो.

२. दोन दातांचे फोर्क. पॅलेटवर माल रचून ठेवला की फोर्क खाली सारून तो एकदम उचलता येतो, हा याचा मोठा गुण. शेतात पॅलेट ठेवावे, मजुरांनी त्यावर क्रेट रचावेत, ट्रॅक्टरने ते चाळीच्या दाराशी नेऊन ठेवावे. यात कांदा उंचावरून आपटला जात नाही. मार लागलेला कांदा चाळीत लवकर सडतो, तेव्हा हा लाभ हमालीच्या बचतीइतकाच मोलाचा आहे. औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांतून निघालेली जुनी पॅलेट मिळतात. परंतु तेल, रंग वा रसायन सांडलेले पॅलेट खाण्याच्या मालासाठी कदापि वापरू नये.

३. यारीचा दांडा. एक लांब दांडा व टोकाला आकडा असे याचे रूप असते. इंजिन, पंप, लोखंडी सामान उचलण्यास तो सोयीचा दिसतो. मात्र भार दूर जाईल तशी क्षमता झपाट्याने घटते. वरच्या उदाहरणातील ट्रॅक्टरला पुढे वजने नसताना आकडा मागील आसापासून दोन मीटरवर असेल, तर दांड्याच्या वजनासह केवळ ११२ किलोग्रॅम उचलता येतात. म्हणून बोअरमधील पंप व पाइप काढण्यास हा दांडा वापरू नये. त्या कामास तीन पायांचा घोडा व साखळी-कप्पी हीच योग्य होत. विहिरीच्या काठाशी ट्रॅक्टर मागे घेणे तर सर्वस्वी टाळावे.

४. पुढचा लोडर. शेणखत व माती भरण्यासाठी हा अनेकांना आकर्षक वाटतो. परंतु लहान ट्रॅक्टरांचा पुढचा आस सामान्यतः हलका असतो. वरच्या उदाहरणात पुढच्या आसाच्या एक मीटर पुढे २०० किलोग्रॅमची बादली भरली तर आसावर सुमारे ३४३ किलोग्रॅमचा जादा भार पडतो, आणि लोडरचे स्वतःचे वजन वेगळेच. आसावरील भार दुपटीहून अधिक होतो व मागची चाके हलकी पडतात. ट्रॅक्टर बनविणाऱ्या कारखान्याने त्या नमुन्यासाठी लोडर मंजूर केला असेल आणि मागे पुरेसे वजन बांधण्याची सोय असेल, तरच तो घ्यावा.

पुष्कळ शेतकरी विचारतात की, माल थेट गाडीत चढविता यावा म्हणून उंच उचलणारा फोर्क घ्यावा काय? लहान ट्रॅक्टरची जोडणी साधारण अर्धा मीटर ते साठ सेंटिमीटर एवढीच उचलते आणि मालगाडीचा तळ त्याहून उंच असतो. उंच मनोऱ्याचा फोर्क स्वतःच इतका जड असतो की, लहान ट्रॅक्टरची बरीचशी क्षमता तोच खाऊन टाकतो; शिवाय भार उंच गेला की ट्रॅक्टर बाजूस कलंडण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा गाडी उभी करण्याची जागाच खोल करावी. अंगणाच्या कडेस गाडीच्या रुंदीचा, उतरत जाणारा, चाळीस-पन्नास सेंटिमीटर खोल चर खणून त्यात गाडी मागे घेतली की तिचा तळ फोर्कच्या उंचीला येतो. चराच्या बाजू दगडाने बांधाव्यात व पावसाचे पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. जमीन उताराची असेल तर उताराचाच उपयोग करून घ्यावा. हा खर्च एकदाच होतो व त्यात बिघडण्यासारखे काही नाही.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

जोडणीची मापे भारतीय मानक ४४६८ प्रमाणे ठरलेली आहेत. पहिल्या वर्गात खालच्या पिना २२ मिलिमीटर व वरची पिन १९ मिलिमीटर जाडीची असते. अगदी लहान ट्रॅक्टरांत याहून बारीक पिना व हातांमधील अरुंद अंतरही आढळते. म्हणून आपल्या ट्रॅक्टरच्या पिना व अंतर मोजून, ते कागदावर लिहूनच अवजार पाहावयास जावे. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम भागवू नये.

अवजारावर त्याचे स्वतःचे वजन, कमाल भार व तो भार किती अंतरावर धरला आहे, या तीन गोष्टी कोरलेल्या किंवा रंगविलेल्या असाव्यात. कार्यशाळेत बनवून घेतलेल्या अवजारावर त्या लिहून घ्याव्यात. सांधे पूर्ण जोडलेले असावेत. ठिपक्यांची वेल्डिंग चालत नाही. पिनेच्या जागी बांधकामाची सळई किंवा साधा बोल्ट घालणे धोक्याचे आहे. लोंबत्या भारात वरच्या पिनेवर मोठा ताण येत असतो, आणि ती तुटली की सारा भार एका क्षणात कोसळतो.

जुना ट्रॅक्टर घेऊन त्यावर अवजार लावावयाचे असल्यास हायड्रॉलिकचे सुटे भाग मिळतात काय, याची आधी चौकशी करावी. पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डी येथील फोर्स मोटर्स या कंपनीने २०२४ साली शेतीच्या ट्रॅक्टरांचा व्यवसाय बंद केला. या भागात त्या कंपनीचे ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांनी पंप, सील व वॉल्व्ह यांच्या पुरवठ्याची खात्री करूनच नवा खर्च करावा.

शासकीय अनुदानाचा विचार असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून, हे अवजार योजनेच्या यादीत बसते किंवा नाही हे पाहावे, आणि पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी. आधी खरेदी करून मागाहून अर्ज केल्यास अनुदान मिळत नाही. एकट्यास अवजार परवडत नसल्यास चार-पाच शेतकऱ्यांच्या गटाने ते घ्यावे. मात्र गटातील प्रत्येक ट्रॅक्टर स्वतंत्रपणे तोलून प्रत्येकाचा सुरक्षित भार वेगळा काढावा.

वापरताना घ्यावयाची दक्षता

भार शक्य तितका ट्रॅक्टरच्या निकट ठेवावा व जड माल आतील बाजूस रचावा. बाजूच्या साखळ्या ताणून अवजार डुलणार नाही असे पाहावे. हायड्रॉलिकचे दोन दांडे असल्यास भार उचलताना जागा धरून ठेवणारा, म्हणजे पोझिशन कंट्रोलचा, दांडा वापरावा. नांगराची खोली राखणारा ड्राफ्ट कंट्रोलचा दांडा या कामाचा नव्हे.

भार जमिनीपासून वीतभर उंच ठेवूनच चालावे. तो वर नेण्याची गरज फक्त ठेवण्याच्या जागी असते. वेग माणसाच्या चालीपेक्षा अधिक नसावा. पाट व बांध ओलांडताना जवळजवळ थांबावे, कारण हिसक्याने भार क्षणभर कितीतरी वाढतो. क्लच एकदम सोडू नये. स्टिअरिंग हलके लागू लागले तर ती ट्रॅक्टरने दिलेली सूचना समजून भार तात्काळ खाली टेकवावा व कमी करावा.

चढावर मागे भार घेऊन सरळ चढल्यास तोंड उठण्याची भीती असते. अशा वेळी ट्रॅक्टर मागे मागे घेत चढावे आणि उतरताना तोंड पुढे ठेवून उतरावे. थोडक्यात, भार नेहमी चढाच्या अंगास राहावा. उतारास आडवे जाऊ नये. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा.

पुढील गोष्टी कोणत्याही कारणास्तव करू नयेत :

– उचललेल्या भाराखाली हात, पाय वा डोके घालणे. इंजिन बंद केल्यावर भार केवळ तेलाच्या दाबावर तोललेला असतो. दुरुस्तीसाठी खाली जाणे आवश्यकच असेल तर आधी भक्कम लाकडी ठोकळे लावावेत.

– फोर्कवर किंवा मंचावर माणसे बसविणे. आंबे उतरविण्यासाठी वा पत्रे बसविण्यासाठी माणसाला फोर्कवर उभे करण्याची पद्धत जीवघेणी आहे.

– वरच्या दांड्यास साखळी बांधून रुतलेली गाडी किंवा झाडाचा बुंधा ओढणे. ओढ मागील आसापेक्षा उंचावरून पडल्यास डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढावयाचे असल्यास खालच्या ड्रॉबारलाच बांधावे.

– भार उचललेला ठेवून ट्रॅक्टरवरून उतरणे. उतरण्यापूर्वी भार जमिनीवर टेकवावा, ब्रेक लावावा व किल्ली काढून घ्यावी.

– यारीचा दांडा लावून विजेच्या तारांखालून जाणे.

– फोर्कवर माल घेऊन पुणे-नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर येणे. या रस्त्यांवर कारखान्यांच्या अवजड वाहनांची रात्रंदिवस वर्दळ असते. मागे निघालेले दात पाठीमागच्या दुचाकीस्वारास दिसत नाहीत. उचलण्याचे अवजार शेत व खळे यांपुरतेच वापरावे; बाजारात माल नेण्यास ट्रॉली किंवा मालगाडी असावी.

ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी लोखंडी चौकट बसविलेली असेल तर सीटचा पट्टा अवश्य बांधावा. पट्ट्याविना त्या चौकटीचा उपयोग होत नाही.

देखभाल

हायड्रॉलिकचे तेल ठरावीक पातळीपर्यंत आहे किंवा नाही हे कामापूर्वी पाहावे. अनेक लहान ट्रॅक्टरांत गिअरपेटी व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, म्हणून त्यात भलते तेल मिसळू नये. महिन्यातून एकदा साधी चाचणी घ्यावी. नेहमीचा भार वीतभर उचलून इंजिन बंद करावे, जवळ कोणास येऊ न देता जमिनीपासूनची उंची नोंदवावी व पाच मिनिटांनी पुन्हा पाहावी. भार लक्षात येण्याइतका खाली आला असेल तर सील वा वॉल्व्ह झिजला आहे असे समजून कारागिरास दाखवावे. फोर्कच्या दातांच्या मुळाशी बारीक चीर पडलेली दिसल्यास तो दात कामातून काढावा. वरून वेल्डिंगचा थर देऊन तो पुन्हा वापरू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

अवजाराचे प्रात्यक्षिक दाखविताना ते किती उचलते याचाच खेळ करण्याचा मोह होतो. त्याऐवजी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेऊन, चार मापे घेऊन, शेतकऱ्यांसमक्ष हिशेब करून दाखवावा. वजने न लावता किती गोण्या व लावल्यावर किती गोण्या, हे आकडे त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने लिहून घ्यावेत. ट्रॅक्टर घरातील मुलगा चालवो अथवा रोजंदारीचा चालक, तो आकडा त्याच्या डोळ्यांसमोर राहील. राजगुरुनगर येथे १९९८ पासून भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची कांदा व लसणावरील संशोधन संस्था आहे. चाळीची रचना व साठवण यांविषयी तेथे सल्ला मिळतो. नवी चाळ बांधतानाच तिच्या दारापुढे ट्रॅक्टर वळण्यापुरती सपाट जागा व मालगाडीचा चर यांची आखणी करून घ्यावी.

एकरी तीस टनांचे ओझे माणसाच्या पाठीवरून उतरविणे हे या साधनाचे खरे काम आहे. पाच गोण्यांची एक खेप धरली तर एका एकराचा कांदा चाळीस खेपांत चाळीपर्यंत पोचतो. एका खेपेत सातवी-आठवी गोणी रचून अकरा ते पंधरा खेपा वाचविण्यात काहीच मिळवायचे नसते. शेतकरी बंधूंनी यंदाची काढणी सुरू होण्यापूर्वी आपला ट्रॅक्टर एकदा काट्यावर न्यावा, पुढच्या चाकांचे वजन लिहून आणावे, आणि मगच अवजाराच्या दुकानाची पायरी चढावी.